चौकटींचा तक्ता सोयीचा, पण नोंदीची साखळी तुटू देऊ नका

व्यापारात माल उधारीवर मिळतो, भांडवलही कुठून ना कुठून उभे राहते. परंतु दिलेला शब्द एकदा मोडला की तो पुन्हा जुळवणे फार कठीण जाते. ‘गुरुवारी मशीन घेऊन जा’ असे सांगितले आणि गुरुवारी गिऱ्हाईक आले तेव्हा मशीनचे झाकणही उघडलेले नसले, तर दुकानाच्या पाटीवर स्थापनेचे साल कितीही जुने असो, ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारच्या दुकानाची पायरी चढते. शब्द पाळायचा तर कोणते काम कोणाच्या हातात आहे, कुठवर आले आहे आणि कशासाठी अडले आहे, हे मालकाला रोज सकाळी दिसले पाहिजे. त्यासाठी आता संगणकावर कामांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअरे लहान कारखान्यांतही येऊ लागली आहेत, आणि त्यांना जोडायचा चौकटींचा तक्ता, ज्याला संगणकवाले ‘ग्रिड’ म्हणतात, त्याविषयी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांशी दोन गोष्टी बोलाव्यात असे आम्हाला वाटले.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा तक्ता जरूर वापरावा. त्याने वेळ वाचतो, आणि वेळ वाचला तरच नोंदी ताज्या राहतात. मात्र जो तक्ता एका ओढीत चाळीस कामे बदलू शकतो, तो एका ओढीत चाळीस चुकाही करू शकतो. म्हणून मागे प्रत्येक बदलाची साखळी राहते की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याला दुकानात जागा देऊ नये.

ही सॉफ्टवेअरे आली कोठून?

मुळात ही सॉफ्टवेअरे संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या गरजेसाठी केली. कार्यक्रमात दोष सापडला की त्याला एक क्रमांक द्यायचा, तो कोणी दुरुस्त करायचा त्याचे नाव लिहायचे, ‘नवा’, ‘काम चालू’, ‘दुरुस्त झाला’ अशी त्याची स्थिती नोंदवायची आणि जे काही घडेल ते त्या क्रमांकाखाली लिहीत जायचे, अशी ही पद्धत. मोझिला प्रकल्पाचे ‘बगझिला’ १९९८ साली सर्वांसाठी खुले झाले. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे स्थापन झालेल्या ॲटलासियन कंपनीने २००२ साली ‘जिरा’ आणले. या नावाचा आपल्या स्वयंपाकघरातील जिऱ्याशी काही संबंध नाही; बगझिलावरून गॉडझिला आठवला, गॉडझिलाचे जपानी नाव ‘गोजिरा’, आणि त्यातून ‘जिरा’ झाले. २००६ साली आलेले ‘रेडमाइन’ आणि त्याच्याही आधीचे ‘ट्रॅक’ ही दोन्ही मोफत मिळणारी व कोणालाही आपल्या संगणकावर बसवता येणारी सॉफ्टवेअरे आहेत.

या सर्वांत एका कामाच्या नोंदीला ‘तिकीट’ किंवा ‘इश्यू’ म्हणतात. आम्ही येथे सरळ ‘नोंद’ असेच म्हणू. कार्यक्रमातील दोष काय आणि बंद पडलेली शिलाई मशीन काय, नोंदीच्या दृष्टीने फरक नाही. क्रमांक आहे, कारागीर आहे, वायद्याची तारीख आहे, स्थिती आहे. म्हणूनच दुरुस्तीचे कारखाने, छापखाने आणि फर्निचरवाले यांनाही ही पद्धत लागू पडते.

चौकटींच्या तक्त्याची गोष्ट वेगळी. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी १९७९ साली ‘व्हिझिकॅल्क’ नावाचा पहिला प्रसिद्ध तक्ता ॲपल संगणकासाठी काढला. पुढे १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आले, १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ आले आणि आज आपल्याकडे हिशेब ठेवणाऱ्या मुलाला एक्सेल येते की नाही, हा नोकरीचा पहिला प्रश्न असतो. ज्याला रोजमेळ आणि खतावणी समजते, त्याला आडव्या ओळी आणि उभे रकाने शिकवावे लागत नाहीत. तक्त्याची हीच ताकद आहे.

एका कारखान्याची हकीकत

भिवंडीत आमच्या ओळखीचा एक शिलाई मशीन दुरुस्तीचा कारखाना आहे. मालक वयस्क गृहस्थ, हाताखाली सहा कारागीर, आणि संगणकाचे सर्व काम पाहणारा त्यांचा भाचा. ओव्हरलॉक, इंटरलॉक, साध्या एका सुईच्या मशीन, अशा कोणत्याही वेळी चाळीस-पन्नास मशीन तेथे पडलेल्या असतात. या कारखान्याने चार पद्धती वापरून पाहिल्या, आणि त्यांच्या अनुभवातून आमच्या वाचकांना बरेच शिकता येईल.

प्रथम वही होती. वही प्रामाणिक होती, पण ती एका वेळी एकाच्याच हातात राहत असे. फोनवर गिऱ्हाईक विचारी, ‘माझी मशीन कुठवर आली?’ आणि वही शोधता शोधता उत्तर यायचे, ‘थोड्या वेळाने फोन करा.’

मग भाच्याने सगळे एक्सेलमध्ये उतरवले. महिनाभर आनंदीआनंद होता. एके दिवशी काउंटरवरच्या मुलाने वायद्याच्या तारखा क्रमाने लावण्यासाठी तेवढाच रकाना निवडला. संगणकाने विचारले, की बाकीचे रकाने बरोबर घ्यायचे का? मुलाने घाईत ‘नको’ म्हटले. तारखा क्रमाने लागल्या, पण नावे आणि मशीन आपापल्या जागी राहिल्या. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे दुसऱ्याच कोणाची तरी तारीख येऊन बसली. फाइल जपून बंद केली गेली, आणि एकदा बंद झाल्यावर ‘मागे घ्या’ ही कळ उपयोगाची राहत नाही. पावत्यांची पुस्तके काढून आणि गिऱ्हाइकांना फोन करून दोन दिवस तारखा पुन्हा बसवाव्या लागल्या. साध्या तक्त्यात एका ओळीतल्या चौकटी एकमेकींना बांधलेल्या नसतात, त्या फक्त शेजारी बसलेल्या असतात. शेजारी हलले की ओळखही हलते. ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

तिसऱ्या खेपेस नोंदीचे सॉफ्टवेअर आले. येथे प्रत्येक मशीनला क्रमांक मिळाला आणि तारीख, नाव, स्थिती हे सर्व त्या क्रमांकाला पक्के बांधले गेले. रकाना हलवून एकाची तारीख दुसऱ्याकडे जाण्याची भीती राहिली नाही. परंतु नवी अडचण उभी राहिली. एका नोंदीत बदल करायचा तर ती उघडा, ‘बदल’ दाबा, स्थिती निवडा, जपा, परत यादीवर या. एका नोंदीला एक मिनिट धरले तरी चाळीस मशीनला चाळीस मिनिटे. कारागिरांचे हात तेलाने माखलेले, ते माउस कुठून धरणार? संध्याकाळी भाचा एकेकाला विचारून भरू लागला, मग एक दिवसाआड, मग शनिवारी एकदम. बुधवारी फोन आला तर संगणक सोमवारचीच हकीकत सांगे. मालक आम्हाला म्हणाले, ‘साहेब, वहीत निदान कोरी जागा दिसायची. यात सगळे भरलेले दिसते आणि सगळे जुने असते.’ शिळी नोंद ही खोट्या नोंदीइतकीच घातक, हे त्यांनी आमच्यापेक्षा चांगले सांगितले.

चौथ्या खेपेस त्या सॉफ्टवेअरला तक्त्याची जोडणी बसवली. आता सर्व नोंदी एक्सेलसारख्या ओळींनी दिसतात. चौकटीत जाऊन थेट स्थिती बदलता येते, एकच कारागीर दहा ओळींत ओढून भरता येतो, फक्त उद्याच्या वायद्याच्या ओळी चाळून काढता येतात. चाळीस मिनिटांचे काम आठ-दहा मिनिटांवर आले, आणि म्हणून ते रोज होऊ लागले. तक्त्याचे खरे श्रेय हेच आहे.

एका ओढीत छत्तीस मशीन

परंतु गोष्ट येथे संपत नाही. ईदच्या आधीचे दिवस होते. शिलाईच्या कारखान्यांचा हा मोसम. या दिवसांत मशीन बंद असणे म्हणजे शिंप्याची रोजची कमाई बंद असणे. भाचा एका मशीनची स्थिती ‘तयार’ अशी करत होता, आणि चौकटीचा कोपरा चुकून खाली ओढला गेला. छत्तीस मशीन एका क्षणात ‘तयार’ झाल्या. या कारखान्याने ‘तयार’ स्थितीला मोबाइल संदेश जोडलेला होता. छत्तीस गिऱ्हाइकांना निरोप गेले. तासाभरात लोक येऊ लागले. कोणी कल्याणहून टेम्पो करून आले, कोणी उल्हासनगरहून दुकान बंद ठेवून आले. मशीन मात्र उघडलेल्या, कुणाचे शटल बाहेर, कुणाची मोटर टेबलावर. मालकांना त्या दिवशी हात जोडून माफी मागावी लागली, टेम्पोचे भाडेही पदरचे द्यावे लागले.

आता यातील दुसरी बाजू पाहा. वर्षभरापूर्वीची तारखांची चूक दुरुस्त करायला दोन दिवस लागले होते. ही चूक दुपारच्या नमाजपर्यंत दुरुस्त झाली. कारण प्रत्येक नोंदीच्या इतिहासात लिहिलेले होते, की अमुक वाजता, अमुक नावाने, स्थिती ‘सुटा भाग यायचा’ होती ती ‘तयार’ केली गेली. भाच्याने ते वाचून एकेक ओळ पूर्ववत केली. निरोप मात्र परत घेता आले नाहीत. गेलेला शब्द गेलाच.

या एका प्रसंगात आमच्या लेखाचा सर्व अर्थ आहे. तक्त्याने चूक सोपी केली. नोंदीच्या इतिहासाने ती भरून काढली. आणि चुकीचा जो भाग दुकानाबाहेर गेला, तो इतिहासालाही भरून काढता आला नाही.

तक्ते दोन प्रकारचे आहेत

बाजारात ‘ग्रिड’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात, आणि घेणाऱ्यांची पुष्कळदा गल्लत होते.

पहिल्या प्रकारात तक्त्याची प्रत्येक ओळ ही एक स्वतंत्र नोंद असते. ट्रॅकसाठी स्वयंसेवकांनी केलेली ‘ग्रिड मॉडिफाय’ ही जोडणी या जातीची. जिरासाठी रिकसॉफ्ट या जपानी कंपनीने नावातच ‘एक्सेलसारखा’ असे म्हणणारी जोडणी काढली, तीही याच जातीची. भिवंडीच्या कारखान्यात बसवला तो तक्ता असाच.

दुसऱ्या प्रकारात एका नोंदीच्या पोटात छोटा तक्ता असतो. जिरासाठी निघालेली ‘टेबल ग्रिड एडिटर’ ही जोडणी या प्रकारची. एका मशीनला कोणकोणते सुटे भाग लागले, नग किती, दर काय, हे त्या मशीनच्या नोंदीतच ओळींनी लिहायचे. हाही उपयोगी आहे. पण या आतल्या ओळींना सामान्यतः स्वतःचा क्रमांक, स्वतःचा कारागीर किंवा स्वतःची स्थिती नसते. त्या पावतीवरच्या ओळींसारख्या असतात.

कोणते काम कोठे लिहावे, याची आम्ही एक सोपी कसोटी सुचवतो. ज्या गोष्टीला स्वतःचा वायदा आहे आणि स्वतःचा जबाबदार माणूस आहे, तिची स्वतंत्र नोंद करावी. जिला फक्त नग आणि दर आहे, ती आतल्या तक्त्यात जावी. एका गिऱ्हाइकाने पाच मशीन आणल्या, तर पाच नोंदी करा; एकाच नोंदीच्या पोटात पाच ओळी घालू नका. नाहीतर चार तयार झाल्या आणि पाचवी राहिली, तर नोंद ‘तयार’ म्हणायची की ‘काम चालू’, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही, आणि विसरली जाते ती नेमकी पाचवी.

एक्सेलमधून आणताना होणारी गळती

पुष्कळ दुकानदार जुनी एक्सेलची यादी नव्या तक्त्यात चिकटवून सुरुवात करतात. वेळ वाचतो, पण एक्सेलची एक खोड आहे. तारखेसारखे काही दिसले की ते त्याची तारीख करते. कपड्याचे माप ‘१०-१२’ असे इंग्रजी आकड्यांत लिहिले तर त्याची तारीख होऊन बसते. हा त्रास केवळ आपल्याला होतो असे नाही. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ यांसारखी जनुकांची संक्षिप्त नावेच बदलून टाकली, कारण एक्सेल त्यांना महिन्याच्या तारखा समजत असे.

दुसरी खोड आकड्यांची. एक्सेल पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य करते. ज्या बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी आहेत, त्यांचा शेवटचा आकडा असा हरवतो. मोबाइल दुरुस्ती करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. आयएमईआय क्रमांक पंधरा आकडी असतो. तो रकान्यात आकसून ‘ई’ अक्षरासह दिसतो, आणि त्याच अवस्थेत सीएसव्ही फाइल जपली तर मागचे आकडे गळून पडतात. आधीच्या शून्याने सुरू होणारे क्रमांकही शून्य गमावतात. उपाय सोपा आहे. असे रकाने भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकूर म्हणून ठरवून घ्यावेत. मराठी किंवा उर्दू नावे असतील तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जपावी, नाहीतर नावांच्या जागी चिन्हांचा खिचडा दिसतो.

आणि किती ओळी घातल्या, तेवढ्याच पोहोचल्या का, हे मोजावे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविड रुग्णांच्या १५,८४१ नोंदी रोजच्या आकडेवारीतून सुटल्या. एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. जे मावले नाही ते मुकाट्याने बाहेर राहिले, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्यास उशीर झाला. एवढ्या मोठ्या सरकारी खात्याने ओळी मोजल्या नाहीत. आपण पन्नास ओळी मोजायला आळस करू नये.

घेण्यापूर्वी पाच गोष्टी तपासा

पहिली गोष्ट इतिहासाची. तक्त्यातून एक चौकट बदला आणि मग ती नोंद उघडा. जुने काय होते, नवे काय झाले, कोणी केले आणि केव्हा केले, हे चारही तेथे लिहिलेले दिसले पाहिजे. दिसत नसेल तर ती जोडणी घेऊ नका, मग ती फुकट मिळत असली तरी. आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाने प्रवेश द्या. सगळेजण एकाच नावाने काम करत असतील तर इतिहासात त्या एकाच नावाची रांग लागेल आणि जबाबदारी कोणाचीच राहणार नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. जिरा आणि रेडमाइनमध्ये कोणाला कोणती स्थिती बदलता येईल, हे ठरवता येते. कारागिराच्या नावाने आत जा आणि जे त्याला मनाई आहे ते तक्त्यातून करून पाहा. झाले, तर समजा की मागच्या दाराला कुलूप नाही.

तिसरी गोष्ट टकरीची. दोन संगणकांवर एकच ओळ उघडा आणि दोघांनी वेगवेगळे बदल करा. रेडमाइन आणि ट्रॅक आपल्या मूळ पानावर अशा वेळी सावध करतात, की तुम्ही पाहत असताना दुसऱ्याने ही नोंद बदलली आहे. जोडलेला तक्ताही तसे सांगतो का, की नंतर आलेला आधीच्याचे मुकाट पुसून टाकतो, हे पाहा.

चौथी गोष्ट निरोपांची. एकगठ्ठा बदल केल्यावर किती टपाल व किती संदेश बाहेर जातात, हे खोट्या नोंदींवर आजमावून घ्या. जिराच्या मूळ एकगठ्ठा बदलात टपाल पाठवायचे की नाही याची खूण करता येते. जोडणीत अशी सोय आहे का, हे विचारा. छत्तीस गिऱ्हाइकांची हकीकत वर दिलीच आहे.

पाचवी गोष्ट बाहेर पडण्याच्या रस्त्याची. ॲटलासियनने जिराची स्वतःच्या संगणकावर बसवायची ‘सर्व्हर’ आवृत्ती सांभाळणे १५ फेब्रुवारी २०२४ पासून बंद केले. ज्यांनी ती आणि तिच्या जोडण्या घेतल्या होत्या, त्यांना दुसरीकडे जावे लागले. सॉफ्टवेअर आज आहे, उद्या नसेल. पण तुमच्या नोंदी तुमच्या राहिल्या पाहिजेत. आतल्या छोट्या तक्त्यांसह सर्व काही फाइलमध्ये काढून घेता येते का, हे आधीच करून पाहा आणि महिन्यातून एकदा काढून ठेवा.

खर्चाचेही बोलले पाहिजे. जिरा दहा माणसांपर्यंत मोफत वापरता येते, त्यापुढे माणशी पैसे पडतात. आणि तक्ता दोघेच वापरणार असले तरी जोडणीचे पैसे सर्वसाधारणपणे सर्व माणसांच्या संख्येवर मोजले जातात. शिवाय जिराच्या आजच्या आवृत्तीत यादीतल्या चौकटीत थेट बदल करण्याची सोय मुळातच आहे. आधी ती वापरून पाहावी, पुरली तर वेगळे पैसे घालू नयेत. रेडमाइन मोफत आहे, पण ते बसवणारा आणि सांभाळणारा माणूस लागतो, त्याचे मोल हिशेबात धरावे. ज्यांच्याकडे एका वेळी दहा-पंधरा कामेच असतात, त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की चांगली वही पुरेशी आहे.

कारागिराच्या नावाचा रकाना

एक गोष्ट मालकवर्गाला कदाचित रुचणार नाही, तरी लिहिणे आमचे कर्तव्य आहे. तक्ता हाती आला की उशिराचे दिवस मोजायचे, रकाना उतरत्या क्रमाने लावायचा आणि सर्वांत वर ज्याचे नाव येईल त्याला बोलावून घ्यायचे, असा मोह होतो. भिवंडीच्या कारखान्यातही तसे झाले. यादीत वर आले ते सर्वांत जुने उस्ताद. ते म्हणाले, ‘जी मशीन कोणाला जमत नाही ती माझ्याकडे येते, आणि तिचा हुक सेट बाहेरगावाहून येतो. तो येईपर्यंत मी काय करू?’ तक्त्यात हे कुठेच नव्हते. त्यात होते फक्त त्यांचे नाव आणि आकडा.

तेव्हापासून तेथे ‘सुटा भाग यायचा’ आणि ‘गिऱ्हाइकाचा होकार यायचा’ अशा दोन वेगळ्या स्थिती ठेवल्या आहेत, आणि त्यांतले दिवस कारागिराच्या खाती धरत नाहीत. यादी पुन्हा लावली तेव्हा उस्तादांचे नाव वरून खाली गेले, आणि उशिराचे खरे कारण सुटे भाग वेळेवर न मागवणे हे आहे, हे मालकांना कळले. म्हणजे दोष काउंटरचा होता आणि बोल कारागिराला लागत होते. चौकटी कमी ठेवल्या तर आकडा नीटस दिसतो, पण न्याय्य असेलच असे नाही. कारागीर बांधवांनीही आपल्या नावापुढे काय लिहिले जाते ते पाहण्याचा आग्रह धरावा, आणि मालकांनी तो मानावा.

शेवटी

आज त्या कारखान्यात तक्त्यातून बदल करण्याचा अधिकार दोघांनाच आहे. कारागीर, सुटा भाग आणि तारीख हे तक्त्यातून बदलता येते. ‘तयार’ ही स्थिती मात्र तक्त्यातून बदलत नाही. मशीन जोडून, कापडाचा तुकडा शिवून पाहिल्यावर ज्याने दुरुस्ती केली तो उस्ताद सांगतो, आणि मग त्या एका मशीनची नोंद उघडून ‘तयार’ लिहिले जाते. गिऱ्हाइकाला निरोप त्यानंतरच जातो. त्याला एक मिनिट अधिक लागते, आणि ते मिनिट वाचवण्याचा प्रयत्न आता कोणी करत नाही.

आमच्या वाचकांनीही आपापल्या धंद्यात अशी एक चौकट शोधून काढावी, जी बदलली की दुकानाचा शब्द बाहेर जातो. कुणाकडे ती ‘तयार’ असेल, कुणाकडे ‘माल रवाना’, कुणाकडे ‘पैसे मिळाले’. बाकीच्या सर्व चौकटी खुशाल ओढून भरा. ती एक मात्र एकेक करून, पाहून, आपल्या नावानिशी भरा.